ऑक्टेव्ह पेडल आणि अकूस्टिक गिटारचा खर्ज

अकूस्टिक गिटारच्या पिकअपमधून (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागातून) आलेला सिग्नल ऑक्टेव्ह पेडल या पायाने चालवायच्या उपकरणातून एक सप्तक खाली उतरवून बेस गिटारच्या जवळ जाणारा खर्ज मिळवण्याची पद्धत. एकटाच गाणारा-वाजवणारा कलाकार, बेसवादक नसलेली जोडी आणि लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) थर रचणारे वादक तिचा वापर करतात. अंगठा जाड तारांवर जे वाजवतो तेच खाली उतरवून बेसचे काम भागवायचे, ही मूळ कल्पना.

कागदावर हिशेब चोख जुळतो. प्रमाण ट्यूनिंगमध्ये गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार ८२.४ हर्ट्झला वाजते. त्याच्या निम्मे म्हणजे ४१.२ हर्ट्झ, आणि चार तारांच्या बेसची सर्वांत जाड मोकळी तार नेमकी तेवढ्यालाच लावलेली असते. गिटारच्या जाड चारही तारा एक सप्तक उतरवल्या की बेसच्या चार तारा होतात. प्रत्यक्षात मात्र हा खर्ज कधी घुमतो, कधी बरळतो, आणि दोष बहुतेक वेळा पेडलला दिला जातो. खरे कारण त्याच्या आधी, पिकअपमध्ये असते.

पेडलचे काम : जुन्या धाटणीचे अॅनालॉग पेडल एका वेळी एकच स्वर ओळखते. ते आलेल्या सिग्नलमधली वरची कंपने गाळते, उरलेल्या लहरीचे फेरे मोजते आणि दर दोन फेऱ्यांमागे एक फेरा बाहेर काढते. वारंवारता निम्मी, म्हणून स्वर एक सप्तक खाली. १९८२ मध्ये आलेले बॉसचे ओसी-२ या जातीचे सर्वांत परिचित उदाहरण. ते एक आणि दोन सप्तके खालचे असे दोन स्वर देते. त्याचा आवाज जाड, थोडा सिंथसायझरसारखा. दोन तारा एकदम वाजल्या की फेरे मोजणारे सर्किट गोंधळते आणि स्वर गुळण्या केल्यासारखा येतो. डिजिटल पेडल अख्खी कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) उतरवू शकते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पीओजी आल्यावर ही सोय सर्रास झाली. त्याबदल्यात थोडा विलंब पत्करावा लागतो. ८२ हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा पुरा व्हायलाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, तेव्हा खालचा स्वर ओळखायला वेळ जाणारच. मूळ गिटारचा आवाज सोबत थेट ऐकवला, तर तारेचा पहिला आघात त्यातून मिळतो आणि मागून आलेला खर्ज खटकत नाही.

पिकअप : ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा, म्हणजे सॅडलखालचा, पिझो (दाबाचे विजेत रूपांतर करणारा पिकअप) सर्वाधिक आढळतो आणि या कामाला तोच अडचणीचा. पहिली अडचण विजेची आहे. पिझो हा विद्युतदृष्ट्या एक छोटा कपॅसिटर असतो. तो प्रीअॅम्पशिवाय (सिग्नल आधी सावरून घेणाऱ्या सर्किटशिवाय) थेट पेडलला जोडला, तर पेडलच्या इनपुटशी मिळून त्याचा खालचे स्वर कापणारा फिल्टर बनतो. पिकअपची धारिता ५०० पिकोफॅरड आणि इनपुट १ मेगाओहम धरले, तर सुमारे ३२० हर्ट्झच्या खाली उतरण सुरू होते. म्हणजे ज्या ८२ हर्ट्झवर सगळी भिस्त, तो पेडलपर्यंत पोचतानाच अशक्त झालेला. तेच इनपुट १० मेगाओहमचे असेल तर ही मर्यादा ३२ हर्ट्झवर येते आणि प्रश्न मिटतो. म्हणून गिटारमध्ये अंगचा प्रीअॅम्प नसेल, तर उच्च इनपुटचा प्रीअॅम्प आधी आणि पेडल नंतर. हा क्रम चुकवून वर पेडलचा बेस नॉब पिळत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण आवाजाच्या घडणीची. पिझोच्या सिग्नलमध्ये आघात तीव्र असतो आणि वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेची कंपने) भरपूर. सहाव्या तारेचा दुसरा हार्मोनिक, १६५ हर्ट्झचा, कित्येकदा मूळ स्वरावर कुरघोडी करतो. अॅनालॉग पेडल मग त्यालाच स्वर समजते आणि त्याचे निम्मे करून ८२ हर्ट्झ परत देते. कानाला असे वाटते की बेस अधूनमधून गायब होऊन एक सप्तक वर उडी मारतो आहे. अंगठा ब्रिजजवळून हलवून फ्रेटबोर्डच्या टोकाकडे नेला की मूळ स्वर बळावतो. मोकळी तार बरोबर मध्यावर, बाराव्या फ्रेटवर छेडली, तर दुसरा हार्मोनिक जवळजवळ उठतच नाही. फुकटात होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा.

साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप या बाबतीत सरस. तो ब्रिजपासून दूर असतो, थेट पोलादी तारेचे कंपन टिपतो, लाकडावरच्या टकटकीकडे बव्हंशी दुर्लक्ष करतो, आणि पेडलला स्वच्छ, गोल लहर मिळते. नायलॉनच्या तारांना तो अर्थातच निरुपयोगी. गिटारच्या अंगावर चिकटवलेले सेन्सर लाकडावरची थाप छान पकडतात, पण तीच थाप पेडलला स्वर भासते आणि मधूनच एक अनाहूत हुंकार निघतो. मायक्रोफोनचा विचार न केलेला बरा.

जाड तारा वेगळ्या करणे : सगळ्या तारा एकदम उतरवल्या की चिखल होतो. साधी सी मेजर कॉर्ड घेतली, तर तिचे खालचे तीन स्वर ६५, ८२ आणि ९८ हर्ट्झवर येतात. इतके खाली, इतके जवळ आलेले स्वर एकमेकांत घासतात. बेसवादक एका वेळी सहसा एकच स्वर का वाजवतो, ते इथे ऐकूनच कळते. सर्वांत नेटका उपाय म्हणजे फक्त पाचव्या-सहाव्या तारेखाली बसणारा वेगळा पिकअप आणि त्याचीच केबल पेडलकडे. गिटारमध्ये पिझो आणि मॅग्नेटिक दोन्ही असतील, तर पिझोचा मूळ आवाज थेट एका चॅनेलला आणि मॅग्नेटिकचा पेडलमार्गे दुसऱ्या चॅनेलला देता येतो. काही पेडलांमध्ये फक्त खालचेच स्वर उतरवण्याची सोय असते. बॉसच्याच ओसी-३ च्या पॉलिफोनिक (अनेक स्वर एकदम हाताळणाऱ्या) मोडमध्ये त्यासाठी रेंज नॉब आहे. काहीच नसेल, तर पेडलनंतर १०० हर्ट्झच्या आसपास लो-पास फिल्टर (त्यावरचे स्वर गाळणारा) लावावा. उतरवलेली दुसरी तार १२३ हर्ट्झला आणि पहिली १६५ ला येते, म्हणजे त्या आपोआप दबतात. या उपायाची किंमत पुढे स्पीकरवर मोजावी लागते.

पेडलांच्या साखळीत ऑक्टेव्ह आधी, कोरस, डिले आणि रिव्हर्ब नंतर. ऑक्टेव्हच्याही आधी सौम्य कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार कमी करणारे पेडल) ठेवला तर विरत जाणारा स्वर पेडलच्या हातून लवकर निसटत नाही. तरीही गिटारची तार बेसच्या तारेइतकी लांब घुमत नाही, त्यामुळे संथ गाण्यात दीर्घ स्वर धरण्याची अपेक्षा ठेवू नये. चालत्या, तुटक बेसलाइनला ही पद्धत जास्त मानवते.

स्पीकर आणि फीडबॅक : अकूस्टिक अॅम्पमधले सहा-आठ इंची स्पीकर ४१ हर्ट्झ धडपणे वाजवत नाहीत. ऐकणाऱ्याचा मेंदू वरच्या हार्मोनिकवरून हरवलेला मूळ स्वर भरून काढतो, म्हणून छोट्या अॅम्पवरही बेस असल्याचा भास होतो. कडक लो-पास लावून ते हार्मोनिकच कापले, तर छोट्या स्पीकरवर उरते फक्त कोनाची थरथर. अशा वेळी खर्जाचा चॅनेल बेस अॅम्पला किंवा डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरजोगा करणाऱ्या डबीतून) सबवूफर असलेल्या पीएला, म्हणजे सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला, द्यावा. गिटारच्या पोकळीचा स्वतःचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आवाज वाढला की नेमके तिथले स्वर फुगतात आणि घूं करून फीडबॅक सुरू होतो. साउंडहोलला रबरी झाकण लावणे, प्रीअॅम्पवरचे फेजचे बटण उलटवणे किंवा तेवढाच पट्टा नॉच फिल्टरने कापणे हे नेहमीचे इलाज. नॉच मूळ गिटारच्या चॅनेलवर लावून पाहावा. खर्जाच्या चॅनेलवर तो लावला, तर बेसलाइनमधला नेमका एखादाच स्वर खड्ड्यात गेल्यासारखा वाजतो.