रसवंतीचा चरक, आरसी कार आणि कागदाची पट्टी

भाच्याची आरसी कार (रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी) माझ्याकडं आली तेव्हा मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज करत होती. रिमोटचा ट्रिगर हळू दाबला की कुरकुर, जोरात दाबला की कर्रर्र आणि गाडी जागेवरच. "मामा, मोटर गेली वाटतं," असं साहेबांचं निदान. मोटर सोडवून नुसती फिरवली तर झकास फिरली, म्हणजे भानगड पुढं कुठंतरी, आणि मोटरच्या पुढं पहिलीच जोडी असते ती पिनियन आणि स्पर या दोन गिअरची. मोटरच्या शाफ्टवर बसतो तो छोटा धातूचा पिनियन, त्याला लागून फिरतो तो मोठा, बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा, स्पर.

थोडं खोदल्यावर कळलं की साहेबांनी स्पीड वाढवायला २० दात्यांचा पिनियन काढून २२ चा ऑनलाइन मागवून बसवलाय. आयडिया बरोबर आहे, पिनियनला दाते जास्त तर मोटरच्या एका फेऱ्यात स्पर जास्त फिरणार. पण दाते वाढले की गिअर मोठा होतो आणि मोटर तेवढी मागं सरकवावी लागते, ते त्याच्या गावीच नव्हतं.

हिशोब सोपा आहे. गिअरच्या दात्याचा आकार मॉड्यूलमध्ये मोजतात. दोन्ही गिअरचे दाते मिळवा, मॉड्यूलनं गुणा, निम्मे करा, की दोन्ही शाफ्टमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. स्पर ८० दात्यांचा, मॉड्यूल ०.५, तर २० च्या पिनियनला २५ मिमी आणि २२ च्या पिनियनला २५.५. अर्धा मिलिमीटर! एवढ्यासाठी सगळी बोंब.

तर मोटर सरकवली, तरी आवाज तसाच. मग कुपवाड एमआयडीसीत गिअर हॉबिंगवर (गिअरचे दाते कापायच्या मशीनवर) असलेल्या मित्राकडं पिनियन घेऊन गेलो, त्यानं हातात घेतला, व्हर्नियर लावला आणि म्हणाला, "भावा, हा त्या घरचा नाहीच." बाहेरचा व्यास काढायचा तर दात्यांत २ मिळवून मॉड्यूलनं गुणायचं, २२ ला १२ मिमी यायला पाहिजे, आला १२.७. म्हणजे बरोबर अर्धा इंच. पिनियन ४८ पिचचा, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला ४८ दाते अशा इंचातल्या मापाचा, आणि स्पर मेट्रिक. ४८ पिच म्हणजे मॉड्यूल साधारण ०.५३, डोळ्याला फरक दिसतच नाही, पण एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचं अंतर स्परवर १.५७ मिमी आणि पिनियनवर १.६६. एक दाता कसाबसा बसतो, पुढचा घासतो, त्याच्या पुढचा डोक्यावर आपटतो. मोटर मिनिटाला १५ हजार फेरे मारत असेल तर सेकंदाला साडेपाच हजार दाते असे येऊन आदळणार, प्लॅस्टिक टिकणार कसं? (३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र इतके जवळ आहेत की ती जोडी बरेच जण बिनधास्त चालवतात.)

योग्य पिनियन आणला. आता अंतर किती ठेवायचं? इथं लोक दोन टोकांना जातात. एक गट दाबून दाबून बसवतो, कारण ढिलं म्हणजे वाईट असं डोक्यात असतं. पण दात्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी घासायला लागल्या की गिअर पाचरीसारखे अडकतात, मोटर करंट ओढते, तापते, आणि शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश एका अंगानं झिजतं. दुसरा गट ढिलं सोडतो, मग दाते फक्त टोकाला पकडतात आणि जोर आला की सोलून निघतात.

आणि जोर आला की गिअर लांब पळतातच, हे मला रसवंतीवर उभं राहून पटलं. ऊस आत गेला की चरकाचे रोल एकमेकांपासून लांब व्हायला बघतात. साखर कारखान्याच्या मिलमध्ये तर वरचा रोल उसाच्या थराप्रमाणं वर उचलला जातो, म्हणून तिथल्या गिअरचे दाते मुद्दाम लांब ठेवतात. आपल्या गाडीत ऊस नाही पण दाते आहेत, आणि दात्याची बाजू तिरकी असते, बहुतेक गिअरमध्ये २० अंशांची. त्यामुळं फिरवणाऱ्या जोराच्या साधारण ३६ टक्के जोर गिअरना एकमेकांपासून ढकलण्यात जातो. मोटरचा एक स्क्रू जरी ढिला असला तरी ती तिरकी होते, आणि मग दात्याची एकच कड झिजते.

दिलासा एवढाच की दात्याची ती बाजू इनव्होल्यूट नावाच्या वक्राची असते. रिळावरून दोरा ताणून सोडत गेलं की दोऱ्याचं टोक जी वाट काढतं ती. अठराव्या शतकात ऑयलरनं हा आकार गिअरसाठी सुचवला. त्याची खुबी अशी की अंतर केसभर इकडंतिकडं झालं तरी स्पीडचं गुणोत्तर बदलत नाही, फक्त मधली फट वाढते.

ती फट मोजायला कागद पुरतो. झेरॉक्सच्या कागदाची बारीक पट्टी दोन्ही गिअरमध्ये धरायची (जाडी साधारण ०.१ मिमी), मोटर स्परवर दाबायची, दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळायचे आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी घड्या दिसल्या आणि कागद फाटला नाही तर जमलं. मग स्पर पूर्ण एक फेरा हातानं फिरवा, प्लॅस्टिकचा स्पर अगदी गोल क्वचितच असतो, कुठंतरी घट्ट लागतो. जिथं सगळ्यात घट्ट लागतो तिथंच कागद लावून सेटिंग करायचं, नाहीतर एका जागी बरोबर आणि समोरच्या बाजूला जाम.

आमच्याकडं सांगलीत एप्रिलचं ऊन कसं असतंय ते सांगायला नको. ४० मिमीचा नायलॉनचा स्पर ३० अंशांनी तापला तर त्याची त्रिज्या ०.०५ मिमीच्या आसपास वाढते, म्हणजे अर्धा कागद संपला. त्यामुळं थंडीत अगदी नेमकं बसवलेलं उन्हाळ्यात आवळू शकतं.

ग्रीस मात्र उघड्या स्परला लावू नका. धूळ चिकटते आणि ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. मोटरच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावलं, पण ते धातूत धातू असेल तिथंच, काही प्लॅस्टिक त्यानं तडकतंय. पिनियन शाफ्टवर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसलाय का तेही बघा, आमचा गोल बाजूवर होता.

एक बॅटरी संपेपर्यंत गाडी फिरवून परत कागद घातला, स्क्रू थोडा सैल झालाच होता. आता कर्रर्र गेलंय, फक्त मागच्या डिफरेन्शियलमधून (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) वळताना कट-कट येतंय, पण ती पेटी उघडायला आठ स्क्रू आहेत आणि भाच्याची परीक्षा चालू आहे.