स्टुडिओ आधी, म्युझियम मागून

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या, कृष्णवर्णीय कलाकारांसाठीच्या ‘स्टुडिओ म्युझियम’ची नवी इमारत नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तेव्हा बातम्यांत वास्तुरचनेची चर्चा जास्त झाली. पण या संस्थेचं वेगळेपण तिच्या नावातल्या पहिल्या शब्दात आहे. म्युझियमने कलाकाराला वर्षभर काम करायला जागा आणि मानधन द्यायचं, म्हणजे आज जिला ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात ती पद्धत, इथे मागाहून जोडलेली नाही.

कलाकाराला घरापासून दूर ठेवून पोसायची कल्पना तशी जुनीच. फ्रान्सच्या राजाने १६६६ मध्येच त्यासाठी रोममध्ये अकादमी काढली होती. हार्लेममधली निकड मात्र वेगळी होती. १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमांत कृष्णवर्णीय चित्रकारांना जवळपास प्रवेशच नव्हता. जानेवारी १९६९ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवरच भव्य प्रदर्शन भरवलं. त्यात छायाचित्रं होती, ध्वनिमुद्रणं होती, फक्त हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांचं काम नव्हतं! दाराबाहेर निदर्शनं झाली, यात नवल नाही.

स्टुडिओ म्युझियम त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर १९६८ मध्ये, फिफ्थ अव्हेन्यूवर दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या जागेत सुरू झालं होतं. पहिलं प्रदर्शन टॉम लॉइड यांच्या विजेच्या दिव्यांच्या अमूर्त रचनांचं. ‘यात कृष्णवर्णीयांचं काय आहे?’ हा प्रश्न तेव्हाच उठला आणि पुढेही अनेक वर्षं संस्थेची पाठ सोडेना. माझ्या मते तो वाद लवकर झाला हे बरंच झालं.

स्टुडिओची कल्पना विल्यम टी. विल्यम्स या तरुण चित्रकाराची. येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला हा अमूर्त चित्रकार. नुसती प्रदर्शनं आणून टांगली तर वस्तीला काय मिळणार? चित्रकार तिथेच काम करू दे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चित्र घडताना दिसू दे, असं त्याचं म्हणणं. प्रस्ताव मांडून तो थांबला नाही. शिल्पकार मेल एडवर्ड्सला सोबत घेऊन त्याने जागा साफसूफ करून स्टुडिओ उभे केले. पुढे एका बँकेने १२५व्या रस्त्यावरची इमारत दिली आणि १९८२ मध्ये संस्था तिथे गेली. वर्षाला साधारण तीन कलाकार, स्टुडिओ, मानधन आणि शेवटी प्रदर्शन, असा शिरस्ता बसला.

निवड करणाऱ्यांची नजर किती पारखी होती हे यादीच सांगते. ऐंशीच्या दशकात डेव्हिड हॅमन्स आणि केरी जेम्स मार्शल, नंतर ज्युली मेहरेतू, सिमोन ली. यांतल्या मार्शलच्या आजवरच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन २०१६ मध्ये त्याच मेट्रोपॉलिटनच्या ‘ब्रॉयर’ इमारतीत भरलं. सिमोन ली २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं प्रतिनिधित्व करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पुढे ओबामांचं अधिकृत व्यक्तिचित्र काढणारा केहिंदे वायली २००१-०२ मध्ये इथे होता. हार्लेमच्या रस्त्यावर त्याला एका कृष्णवर्णीय तरुणाचा फोटो असलेला पोलिसांचा चुरगळलेला कागद सापडला. राजेरजवाड्यांच्या जुन्या तैलचित्रांतल्या ऐटीत रस्त्यावरची माणसं रंगवण्याच्या त्याच्या शैलीची सुरुवात तिथली. चार भिंतींतल्या कॅनव्हासइतकाच रेसिडेन्सीच्या आसपासचा मोहल्लाही कामाला येतो, तो असा.

२०१८ मध्ये जुनी इमारत बांधकामासाठी बंद झाली, तरी रेसिडेन्सी थांबवली नाही. त्या काळात कलाकारांची वार्षिक प्रदर्शनं न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या ‘पीएस१’ या कलासंस्थेत भरू लागली. १९७६ मध्ये पडीक शाळेत सुरू झालेल्या त्या संस्थेचाही एकेकाळी स्वतःचा स्टुडिओ-कार्यक्रम होता. तो बंद पडला होता.

दरम्यान इथून बाहेर पडलेले काही जण स्वतःच यजमान झाले. वायलीने २०१९ मध्ये सेनेगलच्या डाकारमध्ये ‘ब्लॅक रॉक’ ही रेसिडेन्सी सुरू केली, तर टायटस कफारने न्यू हेवन शहरात तरुण कलाकारांसाठी स्टुडिओ उभारले.