पेडल खाली जातं, पण गळती कुठेच नाही

इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबलं की ते घट्ट होतं, मग दाबता दबत नाही. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा, पेडल हलकेच खाली सरकेल. एवढ्यावरून 'ब्रेक गेले' म्हणून घाबरणारे लोक आहेत आणि त्यांना आणखी घाबरवणारे व्हिडिओही भरपूर आहेत. प्रत्यक्षात हा बिघाड नसून बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, शाबूत असल्याचा पुरावा आहे. इंजिन सुरू होताच बूस्टरमधल्या पडद्याच्या एका बाजूची हवा ओढली जाते, दुसऱ्या बाजूने वातावरणाचा दाब ढकलतो आणि तुमच्या पायाला मदत मिळते. चिंता करायची ती पेडल अजिबात हललं नाही तर.

खऱ्या तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की निदान हमखास चुकतं. पेडल मऊ लागणं ही एक. पाय तेवढ्याच जोराने ठेवलेला असताना पेडल सावकाश बुडत जाणं ही दुसरी. पहिलीत बहुधा काहीतरी दबतंय, दुसरीत काहीतरी निसटतंय.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत झालेला असतो. पण ब्रेक त्यावर चालतात ते द्रव जवळजवळ दबत नाही म्हणून. पाण्यावर 100 बार दाब दिला, तरी त्याचं आकारमान जेमतेम अर्धा टक्का घटतं. ब्रेक ऑइलचंही साधारण तसंच. हवेचं मात्र तसं नाही.

थोडं गणित करू. पेडल दाबल्यावर ज्यातला दट्ट्या ऑइल चाकांकडे ढकलतो त्या मास्टर सिलिंडरचा व्यास 22 मिलिमीटर धरला, तर दट्ट्याचं क्षेत्रफळ होतं 3.8 चौरस सेंटिमीटर. नळीत फक्त एक घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असं समजा. ती पूर्ण दाबायला दट्ट्या सुमारे 2.6 मिलिमीटर जादा सरकवावा लागेल. पेडलची तरफ चारपट असेल, तर पायाखाली तेच अंतर होतं सेंटिमीटरभर. एवढ्याशा बुडबुड्याने ही गत!

पुढची गंमत बॉइलच्या नियमात आहे. तापमान स्थिर धरलं, तर दाब दहापट झाल्यावर हवेचं आकारमान एक दशांश उरतं. म्हणजे वातावरणाच्या वर जेमतेम 9 बार दाब चढला, की बुडबुड्याचा नव्वद टक्के भाग दबून झालेला असतो. जोरात ब्रेक मारताना दाब याच्या कितीतरी वर जातो, पण तिथे बुडबुड्याजवळ देण्यासारखं काही उरलेलंच नसतं. म्हणून हवा धरलेलं पेडल सुरुवातीला लिबलिबीत लागतं आणि खाली जाऊन घट्ट होतं. हे वळण पायाला स्पष्ट कळतं.

आता बुडणारं पेडल. इथला खरा नायक म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर बसवलेली रबराची छोटी वाटी, गॅरेजच्या भाषेत वॉशर. सायकलच्या पंपात असतो तसाच हा कडा फाकलेला वॉशर. माल्कम लॉकहीड यांनी 1917 मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या सुरुवातीच्या रचनेतल्या वाट्या चामड्याच्या होत्या. त्या सुकायच्या आणि गळायच्या. 1924 च्या क्रायस्लर गाडीत त्यांच्या जागी रबर आलं आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. माझ्या मते पास्कलइतकंच श्रेय या वाटीलाही द्यायला हवं.

या वाटीची करामत तिच्या कडेत आहे. पुढून दाब आला की कड बाहेर फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. दाब वाढेल तशी आणखी घट्ट चिकटते. पाय झटकन उचलला की दट्ट्या मागे धावतो, पण चाकांकडचं ऑइल तेवढ्या वेगाने परतत नाही. पुढे दाब घटतो, कड आत झुकते आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल तिच्या बाजूने पुढे शिरतं. म्हणजे एकच कड सीलही आहे आणि एका दिशेने उघडणारी झडपही. (काही मास्टर सिलिंडरांत हे काम दट्ट्यातली छोटी व्हॉल्व्ह करते.) भराभर पंप केल्यावर मऊ पेडल वर येतं ते याचमुळे: प्रत्येक दाबागणिक थोडं जादा ऑइल पुढे कोंडलं जातं. थोडा वेळ पाय काढून ठेवला की ते जादा ऑइल टाकीत परततं आणि पेडल पुन्हा खाली. मागच्या ड्रम ब्रेकमधले लायनर (घासणारे पट्टे) झिजून अंतर वाढलं असेल, तरीही पंप केल्यावर पेडल वर येतं. फरक इतकाच की तेव्हा ते वर आल्यावर लिबलिबत नाही.

वाटी झिजली किंवा रबर कडक झालं, की उलटंच चित्र दिसतं. जोरात लाथ मारली तर दाब स्वतःच कड भिंतीला चिकटवतो आणि पेडल टिकतं. सिग्नलला हलका पाय ठेवून उभे असताना मात्र कड फाकवण्याइतका दाब नसतो. ऑइल तिच्या बाजूने हळूच मागे, पुन्हा टाकीत जातं आणि पेडल बुडतं. जमिनीवर थेंब नाही, टाकीतली पातळीही तीच. मेकॅनिक याला 'मास्टर बायपास करतोय' म्हणतात. पण तपासताना त्यांच्यातलेच काही जण पेडल दणकन दाबतात आणि 'ठीक आहे' सांगून गाडी परत देतात. तपासणी अशी करावी: गाडी सपाटीवर उभी, इंजिन चालू, पाय हलका आणि स्थिर, मिनिटभर. पेडल सरकतच राहिलं, तर कारण सापडेपर्यंत ती गाडी चालवू नये.

पातळी घटत असेल तर गळती बाहेर आहे. चाकांच्या आतल्या बाजू, नळ्या, होज बघायचे. कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडला जातो तिथे बघायचं. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते, पण त्याने पेडल मऊ होत नाही.

लांब उतारावर मऊ पडलेलं पेडल गाडी खाली उतरल्यावर आपोआप बरं होतं, हे प्रकरण वेगळं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर किमान 155. तापलेल्या कॅलिपरपाशी (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागापाशी) ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफही हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव, आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. उपाय ऑइल बदलण्याचा. त्यासाठी डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नये: डॉट 5 हे सिलिकोनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नसतं. डॉट 5.1 मात्र पुन्हा ग्लायकॉलच्याच घराण्यातलं.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला जुने मेकॅनिक रबरी होज एकेक करून खास चिमट्याने अलगद दाबून बंद करतात. सगळे बंद केल्यावरही पेडल बुडत असेल, तर मास्टरवर किंवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ठोकळ्यावर संशय. पेडल घट्ट झालं, तर एकेक चिमटा काढत जायचं. ज्या चाकाला ते पुन्हा मऊ होईल तिथे हवा, गळती किंवा फुगणारा होज. हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल पार तळापर्यंत दाबू नये. एरवी वाटी जिथे पोचत नाही तिथल्या भिंतीवर गंज आणि कीट असतं, आणि चांगली कड तिथे फाटते. मग हवा काढायला आलेली गाडी मास्टर बदलून जाते.

एवढं करूनही एखादी गाडी हट्टाने मऊच राहते. अशा वेळी कॅलिपर नुकतेच बदललेत का ते विचारावं. डावा उजवीकडे बसला असेल, तर हवा काढायचं निपल वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला येतं. निपल उघडलं की स्वच्छ ऑइल येत राहतं, बुडबुडा मात्र वर तसाच. बाटल्याच्या बाटल्या संपल्या तरी तो निघणार नाही. कॅलिपर आपापल्या बाजूला बसवावे लागतील.