गर्दीची कला, ओळखीची बाजारपेठ

कोकणातल्या हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव सुरू झाला की मासळी घेणाऱ्यांच्या बरोबरीने हल्ली कॅमेरेवालेही हजर असतात. होडीतली मासळी बैलगाडीत, बैलगाडीतून वाळूवर, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी मोबाइल रोखलेला. परक्या गावात जाऊन अनोळखी माणसांचे असे बेसावध फोटो काढायची हौस आली कुठून?

सुरुवात रिकाम्या रस्त्याने झाली. 1838 साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, फ्रान्सच्या दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला, पण प्लेटला उजेड बराच वेळ द्यावा लागे. चालती माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पुसून घ्यायला एका जागी थांबलेला एक गृहस्थ तेवढा राहिला.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली; भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले एक छायाचित्रकार. 1860च्या दशकात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत दिसणाऱ्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात माणसांना आधी वेगळं उभं करून टिपलं आणि मागचं दृश्य नंतर जोडलं! माणूस आपल्या रस्त्यावर नव्हताच, आणि खरं तर जॉन्सनला माणसापेक्षा त्याची जात हवी होती.

1925 साली लायका हा कॅमेरा बाजारात आला. सिनेमाची 35 मिमी फिल्म वापरणारा, हातात मावणारा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. कोणी कोणाला ओळखत नाही अशा महानगरांत ही कला वाढली.

कोकणात नेमकं तेच नव्हतं. फोटो काढायचा तर स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, केस चापून. गणपतीला आलेल्या एखाद्या चाकरमान्याकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा असे. रोलमध्ये फोटो बारा. त्यात गणपती, आजी, आतेमामे भावंडं बसवायची. बाजारातल्या परक्या माणसावर त्यातला एक कोण खर्च करणार?

26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, मग डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल. फोटो फुकट झाला आणि नातं नसलेला पाहुणा रत्नागिरी-मालवणात सहज फिरू लागला. काळी पट्टी मात्र इथे कामाची नाही. बाजारपेठेत नवा चेहरा दिसला की दुकानातून विचारणा होतेच, "कोणाकडे आलात?" नीट उत्तर दिलंत तर चहासुद्धा मिळतो, पण मग समोरचा शर्ट सारखा करून ताठ उभा राहतो आणि बेसावध क्षण गेलाच. माझ्या मते तो फोटोही काही वाईट नसतो.

बंदरावरचं वेगळं. 2008चा मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला, तेव्हापासून किनाऱ्यावर पहारा वाढला आणि जेटीवर कॅमेरा घेऊन रेंगाळणाऱ्याला हटकलं जातं. मासेवाल्या मावशींचं हटकणं साधं असतं: फोटो किती काढशील, पापलेट घे की!