दोन क्रेडिटचे आकाश: खगोलशास्त्राच्या पहिल्या पेपरातले नियम आले कुठून?

खगोलशास्त्राची तोंडओळख करून देणारा दोन क्रेडिटचा पेपर घेतला की पहिल्या तासाला साधारण एकाच धाटणीचा कागद हाती पडतो. ७५ टक्के हजेरी, आठवड्याला इतके तास स्वयंअध्ययन, निरीक्षण वही सक्तीची, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइल चालणार नाही. हे नियम एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतला एक लंडनचा, एक अमेरिकेतल्या पेन्शनच्या हिशेबातून आलेला, तर एक हिंगणघाटच्या रस्त्यावर आधीच सापडणारा आहे. कोणता नियम कशासाठी होता हे कळले, की नागपुरात तो कसा पाळायचा हेही कळते.

आधी प्रश्न असा की बीकॉमचा विद्यार्थी या वर्गात आला कसा? एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय घेणे बंधनकारक झाले आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही पदवीचा हा नवा आराखडा लागू झाला. त्यापूर्वी आपल्याकडे खगोलशास्त्र बहुतेक वेळा गणिताच्या एखाद्या पेपरात, गोलीय त्रिकोणमितीच्या आडोशाला असे. ज्याला साइन-कोसाइन येत नाही त्याने तिकडे फिरकायचेच नाही. सर्वांसाठी खगोलशास्त्र ही कल्पना अमेरिकेतली. १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, कला शाखेच्या मुलांनीही एक तरी विज्ञान विषय घ्यावा असा आग्रह सुरू झाला आणि त्या मुलांनी मोठ्या संख्येने खगोलशास्त्र निवडले. २००१ च्या एका अंदाजानुसार तिकडे दरवर्षी अडीच लाख विद्यार्थी हा कोर्स घेत होते. त्यांतल्या बहुतेकांचा तो आयुष्यातला शेवटचा विज्ञानाचा वर्ग. आपल्या नव्या पेपरांवर या कोर्सची छाप स्पष्ट दिसते, आणि तिच्याबरोबर त्यातले दोषही आले आहेत.

तासांचा नियम घ्या. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना द्यायची, पण महाविद्यालय म्हणायचे कशाला? पेन्शन वाटणाऱ्या संस्थेने ठरवले की जे प्रवेशासाठी शाळेतल्या १४ ‘युनिट’ची अट घालते ते. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. पेन्शन हवी म्हणून महाविद्यालये ओळीने या मोजपट्टीखाली आली आणि तास मोजण्याची सवय वरच्या वर्गांतही पसरली. विद्यार्थ्याला काय आले, हे मोजणे हा त्या युनिटचा हेतूच नव्हता!

आपल्याकडे क्रेडिट पद्धत २०१५ नंतर जोमाने पसरली. एक क्रेडिट म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. त्यावर राष्ट्रीय क्रेडिट आराखडा सांगतो की वर्ग आणि घर मिळून एका क्रेडिटला ३० तास धरा. म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास, त्यातले ३० वर्गात. उरलेले ३० तास १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला दोन तास येतात. हे दोन तास रविवारी एका बैठकीत उरकणे ही सगळ्यात मोठी चूक, कारण आकाश रविवारची वाट पाहत नाही. चाळीस मिनिटे न बघता आठवून लिहिणे, पन्नास मिनिटे गणिते, आणि उरलेली तीस मिनिटे रोज पाच-पाच करून गच्चीवर, अशी फोड जास्त उपयोगी पडते.

आठवून लिहिण्याला आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले. त्यातला एक चक्क सूर्यावर होता, दुसरा समुद्री पाणमांजरांवर. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र पालटले, ४२ विरुद्ध ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स चाळून ‘सगळं येतं’ असे वाटते ते या पाच मिनिटांच्या आकड्यामुळे. कोरा कागद घ्या, चंद्रकलांची आकृती न बघता काढा, मग पुस्तकाशी ताडून लाल पेनाने दुरुस्त करा. लाल खुणा जिथे पडल्या तिथेच पुढच्या आठवड्यात पुन्हा.

हजेरी आणि सत्रान्त परीक्षा यांचा उगम वेगळा. १८५७ ची कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी राहिली. ती शिकवत नसत, परीक्षा घेत. शिकवायचे काम संलग्न महाविद्यालयांचे. विद्यार्थी तिथे खरोखर बसला होता याची हमी म्हणजे हजेरीपट. ‘टर्म ग्रँट झाली नाही’ (हजेरी कमी म्हणून सत्र मंजूर झाले नाही) हे आजही कानावर पडणारे वाक्य त्याच व्यवस्थेचा अवशेष. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्त्याला, पुढे अलाहाबादला जोडलेली होती. स्वतःचे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला आले. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरात म्युनिकमध्ये झाइस कंपनीच्या तारांगण-प्रक्षेपकाचे पहिले प्रात्यक्षिक झाले. गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रातले तारांगण त्याच कुळातले.

तारांगणाचा विषय इथे उगीच आणलेला नाही. निरीक्षण वहीचा नियम नागपुरात अडतो तो पावसामुळे. पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. पहिले सत्र बरोबर त्यातच सापडते. ‘दर आठवड्याला एक निरीक्षण’ हा नियम जिथे घडला तिथे पावसाळा चार महिने मुक्काम ठोकत नाही. २२ जुलै २००९ चे सूर्यग्रहण आठवा. खग्रास पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा असा गेला आणि पुष्कळ ठिकाणी लोक ढगांकडे बघून परतले. उलट २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण. त्याचा पट्टा विदर्भातूनच गेला. पुलगावला ब्रिटनच्या न्यूऑल आणि हिल्स यांनी वर्णपटाची निरीक्षणे घेतली, तर तळणीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माउंडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळातला लांबच लांब झोत छायाचित्रात पकडला. जानेवारीचे आकाश या भागात काय देते याचा याहून चांगला दाखला नाही. म्हणून निरीक्षणाचा पेपर दुसऱ्या सत्रात ठेवावा हे आमचे स्पष्ट मत. पहिल्याच सत्रात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तारांगण, आकृत्या आणि गणिते उरकून घ्या, आणि वहीचा मोठा भाग ऑक्टोबरसाठी राखा.

वहीत एकच मोजमाप पुन्हा पुन्हा का घ्यायचे? विल्यम लॅम्ब्टन यांचे उदाहरण घ्या. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे हे जनक हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. अक्षांश काढण्यासाठी ते डोक्यावरून जाणारे तारे रात्रीमागून रात्र मोजत, यंत्राचे तोंड एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला करून. यंत्रातला दोष एका बाजूला अधिक दाखवतो तर दुसऱ्या बाजूला उणा, आणि सरासरीत विरतो. वहीत एकच आकडा लिहिणारा विद्यार्थी स्वतःची चूक सापडण्याची ही वाटच बंद करतो.

दिवसा करता येणारा उत्तम प्रयोग म्हणजे शंकू, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभी केलेली काठी. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर. त्यामुळे विषुवदिनी मध्यान्ही सावली ३९ सेंटीमीटरच्या जवळ येते, २२ डिसेंबरला जवळजवळ ९९. २१ जूनला जेमतेम ४, तीही दक्षिणेकडे पडलेली, कारण त्या दिवशी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते, २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. पहिला सुटीत जातो, दुसरा ढगात. चुका ठरलेल्या असतात. काठी कललेली असते, सावलीचे टोक धूसर असते (सूर्य अर्ध्या अंशाचा आहे, त्यामुळे सेंटीमीटरभर अंधुक पट्टा राहणारच), आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे घड्याळात बारा वाजता मापणे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, १ जानेवारी १९०६ पासूनची. नागपूर ७९.१ वर. म्हणून इथली मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी येते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती १२:२८ पर्यंत पुढे सरकते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११:५७ ला येऊन जाते. धूसर टोकावर उपाय असा, की काठीच्या टोकाला तीन मिलिमीटरचे भोक पाडलेला पुठ्ठा लावा आणि जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करा. सर्वांत आखूड सावलीची वाट पाहू नका, त्या वेळी ती फार हळू बदलते. काठीभोवती वर्तुळ काढा, सावलीचे टोक सकाळी आणि दुपारी ते जिथे छेदते ते बिंदू जोडा. ती रेषा पूर्व-पश्चिम. ही युक्ती कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे.

पुस्तकातल्या आकृत्या मात्र बहुधा ४० अंश अक्षांशाच्या असतात. त्यात ध्रुव क्षितिजापासून चार मुठी वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. नागपुरात ध्रुव दोनच मुठींवर असतो. उत्तरपत्रिकेत ‘सूर्य कधीच डोक्यावर येत नाही’ असे छापील वाक्य उतरवणारा विद्यार्थी २६ मेच्या नागपुरात कधी उभाच राहिला नाही, असे समजावे.

ऋतूंबद्दलचा गैरसमज जगभरचा आहे. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांबद्दल विचारले, तर २१ जण चुकले. सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा, हे नेहमीचे उत्तर. खरे कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत जवळ, १४.७१ कोटींवर, जानेवारीत. नागपूरकराला आणखी एक गाठ सोडवावी लागते. सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये, पण सर्वांत कडक ऊन मेमध्ये. कारण खगोलीय नाही, जूनमध्ये ढग आणि पाऊस येतात. उत्तरात अक्षाचा कल आणि पाऊस ही दोन कारणे वेगळी लिहिली की परीक्षकाला मजकूर उतरवलेला नाही हे कळते.

चंद्राच्या नोंदींसाठी भिंतीवरची कालदर्शिका हे फुकटचे साधन. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढणे. म्हणून अर्धा चंद्र, म्हणजे ९० अंश, अष्टमीच्या मध्यावर. फक्त एवढे लक्षात ठेवा की छापलेली तिथी सूर्योदयाची असते, संध्याकाळपर्यंत पुढची लागलेली असू शकते. घरी बसून लिहिलेल्या नोंदी इथेच पकडल्या जातात. ‘पौर्णिमा, संध्याकाळी ७, चंद्र पश्चिमेला’ अशा नोंदी दरवर्षी सापडतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला पूर्वेला उगवतो.

नोंदीत वेळ, दिशा आणि कालावधी का हवा, याचे उत्तर २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी मिळाले. विदर्भाच्या आकाशात जळते तुकडे सरकताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष मानले गेले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा भंगार तुकडा ८ किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणून आकाश ओलांडायला मिनिटभर घेतो. ‘मोठी उल्का दिसली’ एवढीच नोंद असेल तर निर्णय करता येत नाही. ‘४० सेकंद, वायव्येकडून आग्नेयेला, तुकडे होत’ असे लिहिले असते तर आला असता.

गणितांचे थोडक्यात. पूर्वी लॉग टेबल असे, आता कॅल्क्युलेटर आहे, पण चुका त्याच दोन. कोन अंशात असताना यंत्र रेडियनवर राहते, आणि प्रकाशवर्ष हे वेळेचे एकक समजले जाते.

शहरात सीताबर्डीच्या उजेडात मृग, व्याध, रोहिणी एवढ्यावर भागवावे लागते. कृत्तिकांतले तारे मोजायचे असतील तर बाहेर पडावे लागेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी खाली प्रकाश टाकणारे बसवले गेले. सहल अमावास्येच्या आठवड्यात ठेवा. डोळ्यांना अंधार सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एका मोबाइलच्या पडद्याने सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पहिल्या तासाच्या कागदावरचा मोबाइलबंदीचा नियम इथे खऱ्या अर्थाने लागू पडतो. लाल जिलेटिन लावलेला टॉर्च घ्या. त्या रात्री ढग आले तर ‘ढगाळ’ अशी नोंद वेळेसह करा. ती धरली जाते, मात्र सलग तीन धरत नाहीत.