डेटा-मागणीची सेटिंग्ज (औद्योगिक ट्रेंड आलेख)

कारखान्यातील दाब, तापमान, प्रवाह, पातळी अशा राशींच्या साठवलेल्या नोंदी आलेखावर आणताना त्यांपैकी कोणत्या नोंदी घ्यायच्या, किती घ्यायच्या आणि त्यांवर कोणता हिशेब करून त्या दाखवायच्या, हे ठरवणाऱ्या पर्यायांना डेटा-मागणीची सेटिंग्ज म्हणतात. साखर कारखाने, त्यांना जोडलेले सहवीजनिर्मिती प्रकल्प व डिस्टिलऱ्या, दूध संघ आणि कृष्णेचे पाणी उचलणारी पंपगृहे असलेल्या सांगली-सातारा पट्ट्यात ही सेटिंग्ज सहसा इन्स्ट्रुमेंट विभाग करतो. आलेख पाहून निर्णय घेणारे चीफ इंजिनीअर, चीफ केमिस्ट किंवा पाळीप्रमुख मात्र वेगळे असतात. पडद्यावरची रेषा म्हणजे यंत्राने प्रत्यक्ष नोंदवलेले सगळे काही, असे ते धरून चालतात. वस्तुतः ती रेषा विशिष्ट प्रश्नाला मिळालेले उत्तर असते आणि प्रश्न बदलला की तीही बदलते.

जुन्या पद्धतीत गोल कागदी तक्ता 24 तासांत एक फेरा पूर्ण करी व शाईचे पेन त्यावर अखंड रेघ ओढी. तेथे निवडीला वाव नव्हता. आता ट्रान्समीटरकडून (राशी मोजून संदेश पाठवणाऱ्या उपकरणाकडून) येणारे मूल्य पीएलसी किंवा डीसीएस या नियंत्रक संगणकांमधून हिस्टोरियन नावाच्या साठवण-सर्व्हरवर जाते व ट्रेंड सॉफ्टवेअर ते तेथून मागवते. एका टॅगची (म्हणजे नाव देऊन साठवलेल्या एका राशीची) दर सेकंदाला एक नोंद ठेवली, तर 150 दिवसांच्या गाळप हंगामात 1,29,60,000 नोंदी होतात, आणि पडद्याच्या रुंदीत बिंदू मावतात जेमतेम 1,920. म्हणजे गाळणी अटळ आहे. ती कशी लावायची एवढाच प्रश्न उरतो. काही गाळणी साठवतानाच झालेली असते. ठरलेल्या फरकापेक्षा कमी बदल झाला तर नोंदच न करणे हा त्यातला साधा प्रकार; उताराची दिशा पाहून मधले बिंदू गाळणारी ‘स्विंगिंग डोअर’ ही अधिक चतुर पद्धत असून तिचे पेटंट 1987 मध्ये फॉक्सबोरो कंपनीला मिळाले. साठवतानाच जे गाळले गेले, ते मागणीची कोणतीही सेटिंग परत आणू शकत नाही.

मागणीचा सर्वांत सोपा प्रकार सायक्लिक होय. निवडलेल्या कालावधीचे समान भाग पाडून प्रत्येक भागाच्या सीमेवर असलेले मूल्य तेवढे घेतले जाते. 24 तासांसाठी 100 भाग ठेवले, तर सुमारे 14 मिनिटांनी एक मूल्य मिळते. समजा, पावसात भिजलेला बगॅस (उसाचे चिपाड) बॉयलरला इंधन पुरवणाऱ्या फीडरमध्ये तुंबला, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला 64 किलो दाबावर चालणाऱ्या बॉयलरचा वाफेचा दाब चार मिनिटांसाठी 54 वर आला आणि पुन्हा सावरला. ही घट दोन सीमांच्या मध्ये पडली, तर आलेखावर सरळ रेषाच दिसेल. टर्बाइनचा लोड का उतरला याचा शोध घेणारा माणूस बॉयलर निर्दोष समजून भलतीकडेच शोधत बसेल. डेल्टा प्रकारात मूल्य बदलले तेव्हाच्या सर्व नोंदी येतात, तर फुल प्रकारात साठवलेली प्रत्येक नोंद. बिघाडाच्या चौकशीला हेच दोन प्रकार योग्य. मात्र त्यांवर आख्खा हंगाम मागवला तर सर्व्हर दमतो आणि मागणी मुदतीत पूर्ण न झाल्याचा संदेश येतो.

एकीकडे सायक्लिक आणि दुसरीकडे डेल्टा व फुल, यांच्यामधली सोय म्हणजे अवेवा हिस्टोरियन या सॉफ्टवेअरमधील बेस्ट फिट प्रकार. हे सॉफ्टवेअर पूर्वी वंडरवेअर या नावाने चाले आणि अनेक कंट्रोल रूममध्ये आजही त्याच नावाने ओळखले जाते. बेस्ट फिटमध्ये प्रत्येक भागातून जास्तीत जास्त पाच नोंदी घेतल्या जातात : पहिली, शेवटची, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि दर्जा बिघडलेली (म्हणजे भरवशाची नसलेली) पहिली नोंद. वरच्या उदाहरणातील 54 ची घट ही त्या भागातली सर्वांत कमी नोंद असेल, तर भाग कितीही मोठा असला तरी ती येथे निसटत नाही. लांब कालावधीच्या आलेखासाठी सवयीने सायक्लिक ठेवण्याचे त्यामुळे काही कारण राहत नाही.

सर्वाधिक घोटाळा होतो तो सरासरीत. एका तासात पहिली 55 मिनिटे दाब 64 वर स्थिर होता, म्हणून नोंद एकच झाली. शेवटच्या 5 मिनिटांत तो 54 च्या आसपास हलत राहिला आणि 10 नोंदी झाल्या. या 11 नोंदींची साधी सरासरी 54.9 येते. प्रत्येक मूल्य किती वेळ टिकले याचे वजन दिले, तर ती 63.2 येते आणि तीच खरी. नोंदी एक्सेलमध्ये उतरवून सरासरीचे सूत्र लावणाऱ्याच्या हाती पहिला आकडा पडतो, म्हणून सरासरी हिस्टोरियनकडूनच कालभारित पद्धतीने मागवावी.

रसाच्या किंवा पाण्याच्या टोटलायझरसाठी (एकूण बेरीज दाखवत जाणाऱ्या मापकासाठी) काउंटर हा प्रकार असतो. पाच अंकी टोटलायझर 99,999 नंतर शून्यावर जातो. पाळीच्या सुरुवातीला तो 99,200 आणि शेवटी 1,450 दाखवत असेल, तर साधी वजाबाकी उणे 97,750 सांगेल; उलटण्याची मर्यादा 1,00,000 अशी भरलेली असेल, तर 2,250 हे बरोबर उत्तर मिळेल. ही मर्यादा टॅगच्या व्याख्येत एकदा भरायची असते आणि नेमकी तीच रिकामी राहते.

दोन नोंदींमधली जागा कशी भरायची, हेही ठरवावे लागते. ज्यूस हीटरच्या तापमानाला तिरकी रेषा शोभते. व्हॅक्यूम पॅनच्या व्हॉल्व्हची स्थिती मात्र पायऱ्यांनीच दाखवावी लागते, अन्यथा 0 आणि 1 यांच्यामध्ये ‘40 टक्के उघडा’ असा कधीच नसलेला व्हॉल्व्ह आलेखावर उगवतो. नोंदीच्या दर्जाचेही तसेच आहे. ओपीसी या औद्योगिक माहिती-देवाणघेवाणीच्या संकेतानुसार 192 हा आकडा चांगल्या नोंदीचा. ट्रान्समीटरचे मूल्य वाहून आणणाऱ्या 4 ते 20 मिलिअँपिअरच्या लूपची तार तुटली की विद्युतप्रवाह 4 च्या खाली जातो आणि नोंद सदोष ठरते. अशा नोंदी वगळायच्या, की शेवटचे चांगले मूल्य पुढे ओढायचे, हे दर्जाच्या नियमात ठरते. मूल्य पुढे ओढले की आलेख सलग व देखणा दिसतो. पण तुटलेली तार त्याआड लपते, म्हणून तपासणीच्या आलेखात तुटकपणा राहू द्यावा.

काळाचे सेटिंग किरकोळ वाटले तरी महागात पडते. अनेक हिस्टोरियन जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदी ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्या 5 तास 30 मिनिटे पुढे आहे. पहाटे 4 ते दुपारी 12 ही पाळी मागवताना वेळेचा पट्टा चुकला, तर भलत्याच पाळीचा आलेख समोर येतो आणि त्यावरून भलत्याच माणसाला जाब विचारला जातो. सरासरीचा आकडा भागाच्या आरंभाच्या वेळेवर टाकायचा की अखेरच्या, हाही वेगळा पर्याय असतो. तासाचे गाळप, वाफ आणि वीज एकाच आलेखावर ताडून पाहायची असतील, तर तिन्ही टॅगांना तो सारखाच ठेवावा लागतो. नाहीतर एक रेषा दुसरीच्या तासभर मागे धावताना दिसते.