स्त्री-जननांग शिस्टोसोमियासिस

रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा हिमॅटोबियम या चपट्या कृमीची अंडी स्त्रीच्या जननमार्गात अडकून होणारा दीर्घकालीन विकार. शिस्टोसोमियासिसचे जुने नाव बिल्हार्झिया. हा विकार मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळतो. बाधित मुली व स्त्रियांची संख्या सु. 5.6 कोटी असल्याचे सहसा सांगितले जाते. हा आकडा जननमार्गाच्या प्रत्यक्ष तपासणीतून आलेला नाही. लघवीतील संसर्गाच्या प्रमाणावरून तो काढला आहे. त्यामुळे व्याप्तीची कल्पना येण्यापुरताच तो घ्यावा. लघवीत अंडी सापडलेल्या स्त्रियांपैकी निरनिराळ्या पाहण्यांत 33 ते 75 टक्के स्त्रियांच्या जननमार्गातही अंडी आढळली आहेत.

इतिहास : जर्मन वैद्य टेओडोर बिल्हार्झ यांनी 1851 मध्ये कैरो येथे शवविच्छेदन करताना हा कृमी प्रथम पाहिला. योनिमार्गातील विकाराचे वर्णन मॅडन यांनी कैरोहूनच 1899 मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटिश कृमितज्ज्ञ रॉबर्ट लायपर यांनी 1915 मध्ये इजिप्तमध्ये गोगलगायींचा सहभाग सिद्ध केला, तसेच लघवीतून अंडी टाकणारी व शौचातून अंडी टाकणारी जात वेगळी असल्याचेही दाखवले. पुढे बराच काळ या रोगाचे संशोधन मूत्राशयाभोवतीच फिरत राहिले. स्त्रियांच्या जननांगांतील विकाराला स्वतंत्र नाव मिळाले आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो 1990 नंतर.

जीवनचक्र : रुग्णाची लघवी गोड्या पाण्यात पडली की अंडे फुटून त्यातून केसाळ डिंभ (अळी) बाहेर येतो व बुलिनस वंशाच्या गोगलगायीत शिरतो. चार ते सहा आठवड्यांनी तिच्यातून दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ पाण्यात उतरतात. हे प्रमाण दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त असते. धुणे, पाणी भरणे, मुलांना अंघोळ घालणे ही कामे बायका-मुली याच वेळी पाण्यात उभ्या राहून करत असतील, तर त्यांचा संपर्क वाढतो. डिंभ काही मिनिटांत कातडीतून आत शिरतो, शेपूट टाकतो आणि फुप्फुसांमार्गे यकृताच्या शिरांत जाऊन वाढतो. नंतर नर-मादीची जोडी ओटीपोटातील शिराजालात (शिरांच्या जाळ्यात) स्थायिक होते. मादी सुमारे दोन सेंटिमीटर लांब असून नराच्या अंगावरील खाचेत राहते.

मूत्राशय, गर्भाशय व योनिमार्ग यांची शिराजाले एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांत रक्ताचा प्रवाह अडवणाऱ्या झडपा जवळजवळ नसतात. त्यामुळे मूत्राशयाजवळचा कृमी जननमार्गाकडे सहज सरकतो. मादी दिवसाला 20 ते 200 अंडी घालते. अंडे 110 ते 170 मायक्रॉन लांब असते व त्याच्या टोकाला काटा असतो. जी अंडी बाहेर पडत नाहीत ती ऊतकात रुततात. त्यांच्याभोवती दाहपेशींचा कण तयार होतो, पुढे तंतुमयता येते (ऊतक व्रणासारखे कडक होते) व चुना साचतो. कृमी सरासरी तीन ते दहा वर्षे जगतो. अंड्यांचे अवशेष त्याच्यानंतरही राहतात. उपचारांची मुख्य अडचण इथे आहे.

लक्षणे व विकृती : गर्भाशयग्रीवा (गर्भाशयमुख) व योनिमार्ग यांवर चार प्रकारचे बदल दिसतात : वाळूचे कण रुतल्यासारखे कणीदार डाग, कण न दिसणारे एकसारखे पिवळट डाग, विचित्र वळणांच्या ठळक रक्तवाहिन्या आणि रबरासारख्या गाठी. कण सु. 0.05 × 0.2 मिमी. एवढा, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट असतो. स्त्री पांढरे वा रक्तमिश्रित पाणी जाणे, संबंधानंतर रक्तस्राव, संबंधाच्या वेळी वेदना, खाज व ओटीपोटात दुखणे या तक्रारी घेऊन येते. गर्भनलिका व अंडाशय यांना इजा झाल्यास वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेर गर्भधारणा संभवते. लहान मुलींत बाह्य जननांगावर चामखिळीसारख्या वाढी होतात. त्या लैंगिक अत्याचाराच्या खुणा समजल्या जाण्याचा धोका असतो. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत लिंगसांसर्गिक रोग किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असे चुकीचे निदान होते आणि निष्कारण प्रतिजैविके दिली जातात. नवऱ्याच्या संशयाचे ओझेही तिच्यावरच येते. रोग पाण्यातून आला, संबंधातून नव्हे, हे तपासणाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

निदान : सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेतील 10 मिलि. लघवी गाळून गाळणीवरील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मात्र लघवीत अंडी नसली म्हणून जननमार्गातील विकार नाही असे ठरत नाही. वयाने मोठ्या स्त्रियांत तर अशी विसंगती नेहमीची आहे. डाग पाहण्यासाठी कॉल्पोस्कोप (गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारे भिंगाचे उपकरण) लागतो. ॲसेटिक आम्ल व लुगॉल द्रावण (आयोडीनचे) यांनी कर्करोगपूर्व बदल उठून दिसतात, वाळूचे कण नव्हे; म्हणून द्रावण लावण्याआधीच नीट पाहून घ्यावे. ग्रीवेवरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या लेपात अंडी क्वचितच सापडतात. ऊतकाचा तुकडा काढून दाबून पाहिल्यास खात्री होते, पण जिथे एचआयव्हीचा प्रसार आहे तिथे अशी जखम केवळ या निदानासाठी करू नये. झांबियातील अभ्यासात स्त्रियांनी स्वतः घेतलेल्या योनिमार्गाच्या नमुन्यांवर पीसीआर (कृमीचा डीएनए शोधणारी) चाचणी केली गेली. दवाखान्यात न जाता नमुना देता येणे ही तिची मोठी सोय. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी या विकृतींचा चित्रसंग्रह काढला.

एचआयव्हीशी संबंध : झिंबाब्वेच्या ग्रामीण भागातील स्त्रियांवरील 2006 च्या अभ्यासात (केटलांड व सहकारी) जननांग-विकार असलेल्यांत एचआयव्हीचे प्रमाण जवळपास तिप्पट आढळले. नाजूक, सहज रक्त येणारा पृष्ठभाग, नव्या रक्तवाहिन्या आणि तिथे गोळा झालेल्या सीडी-4 पेशी (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशी) यांमुळे विषाणूला वाट मिळते, असे स्पष्टीकरण दिले जाते. टांझानियातील नंतरच्या एका अभ्यासात शिस्टोसोमियासिस असलेल्या स्त्रियांत नवा एचआयव्ही संसर्ग अधिक आढळला, पुरुषांत नाही. झांबियातील एका अभ्यासात मात्र असा संबंध दिसला नाही. एकाच वेळी केलेल्या पाहणीत आधी कोणता रोग झाला हे कळत नाही. म्हणून काळाच्या ओघात पाठपुरावा केलेल्या अभ्यासांना अधिक वजन द्यावे लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध जोडणारा पुरावा मात्र तोकडा आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे.

उपचार : प्राझिक्वान्टेल, शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला 40 मिग्रॅ., एकच मात्रा. 50 किग्रॅ. वजनाच्या स्त्रीला 2,000 मिग्रॅ., म्हणजे 600 मिग्रॅ.च्या सु. साडेतीन गोळ्या. गोळी कडू असते. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. हे औषध प्रौढ कृमी मारते, कोवळ्या कृमींवर ते फारसे चालत नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागू शकते. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असण्याची शक्यता असल्यास झटके येऊ शकतात, ते आधी विचारावे. पहिली तिमाही उलटल्यावर गर्भवतींना आणि स्तनदा मातांनाही औषध देता येते. गर्भवतींना सामूहिक उपचारांतून वगळण्याच्या जुन्या प्रथेमुळे ज्या स्त्रिया वारंवार गरोदर राहतात त्या वर्षानुवर्षे औषधावाचून राहिल्या.

उपचारानंतर वाळूसारखे डाग सहसा जात नाहीत. झिंबाब्वेत 12 महिन्यांनंतरही त्यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. याउलट वयाच्या विशीआधी औषध मिळालेल्या स्त्रियांत असे डाग कमी आढळले. त्यामुळे शाळकरी वयात, तंतुमयता येण्यापूर्वी, मुलींना औषध देणे व शाळेबाहेरच्या मुलींपर्यंतही ते पोहोचवणे सर्वांत उपयोगी ठरते.

भारत : भारतात मानवी शिस्टोसोमियासिसचे एकच केंद्र सर्वपरिचित आहे : रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी. गाडगीळ व शहा यांनी 1952 मध्ये येथील लघवीतून रक्त जाण्याच्या विकाराची नोंद प्रसिद्ध केली व फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारख्या शंखाची इवलीशी गोगलगाय मध्यस्थ पोशिंदा (कृमीचे डिंभ जिच्यात वाढतात ती) असल्याचे मांडले. हा कृमी आफ्रिकेतील शिस्टोसोमा हिमॅटोबियमच होता की त्याच्या जवळचा दुसरा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बुलिनसऐवजी वेगळी गोगलगाय हा आक्षेपाचा मुख्य आधार. पण पोर्तुगालच्या दक्षिण भागातही हा रोग प्लॅनोर्बेरियस या वेगळ्या वंशामार्फत पसरत होता. केवळ पोशिंदा निराळा म्हणून जात निराळी ठरवता येत नाही. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील 2013 च्या सुमाराच्या साथीत माणसातील व गुरांतील शिस्टोसोमाचा संकर सापडला. त्यामुळे गिमवीच्या कृमीबाबत संकराची शक्यताही विचारात घ्यावी लागते. भारतात गुरांचे शिस्टोसोमा सर्रास आढळतात. भाताच्या खाचरांत उतरणाऱ्यांच्या पायांना सुटणाऱ्या खाजेचे ते एक कारण आहे, मात्र माणसात त्यांची पूर्ण वाढ होत नाही. आफ्रिकेत राहून आलेल्या स्त्रीला संबंधानंतर रक्तस्राव होत असेल, तर तिथल्या तळ्या-नद्यांत ती उतरली होती का, हे भारतातील डॉक्टरांनीही विचारावे.